धामणवाडीची कौलं

"पण बाई, तुमचंही कुणी ऐकलं नव्हतंच ना?"

विश्राम तोरस्करने हा प्रश्न ठेवणीतला काढला होता. कालपासून तो जपून ठेवून बसला होता.

हिर्लेकरबाई वेधशाळेच्या ओसरीवर वाल सोलत होत्या. मोड आलेले, कोमट पाण्यात भिजवलेले वाल. एकेक चिमटीत धरायचा, दाबायचा, डाळिंबी वाटीत आणि साल परातीत. त्यांनी मान वर केली नाही.

"नव्हतं," त्या म्हणाल्या.

"सगळे म्हणाले, यंत्राचा दोष आहे."

"म्हणाले."

"आणि शेवटी तुमचंच खरं निघालं."

"निघालं कसंबसं."

"मग आज मी तेच सांगतोय. तुमचा विश्वास का बसत नाही?"

बाईंनी आणखी एक वाल सोलला. मग आणखी एक...

विश्रामला या वालांचा राग येऊ लागला.

या बाई कोण, ते आधी सांगायला हवं. कचेरीत बाईमाणसाला धड खुर्ची मिळायची नाही, त्या काळात त्या भूकंपाच्या नोंदी वाचायला शिकल्या. दूर देशी कुठे जमीन हादरली की तिची लाट पृथ्वीच्या पोटातून वाट काढत इथवर येते आणि यंत्राची रेघ हलवते. अशाच एका रेघेत बाईंना एक बारीक थरथर दिसली. जिथे काही येऊच नये, अशा जागी ती आली होती.

वरिष्ठ म्हणाले, यंत्र बिघडलंय. बाई म्हणाल्या, बघते.

बघता बघता त्यांचे केस पिकले. मग एके दिवशी त्यांनी सांगितलं, आपल्या पठाराखाली फार खोल एक वेगळाच थर आहे आणि लाट त्याच्यावर आपटून परत फिरते. आधी हसं झालं, पुढे वाद झाला, आणि सरतेशेवटी तेच वरिष्ठ हार घेऊन डोंगरावर आले. तोवर त्या वरिष्ठांनाही चढ चढवत नव्हता.

आता वेधशाळा जुनी झाली, बाईही. आसपासच्या वाड्यांवर त्यांना कुणी शास्त्रज्ञ म्हणत नाही. भूकंपबाई म्हणतात. त्यात आदर किती आणि धाक किती, ते विचारू नये.

आणि विश्राम? तो त्यांचा शिष्य. परदेशात शिकून आलेला, हुशार, अगदी पाण्यात सोडला तरी कोरडा बाहेर येईल असा. जगभरच्या भूकंपांच्या नोंदी त्याने संगणकावर उलगडल्या होत्या. मात्र एकही यंत्र स्वतःच्या हाताने जमिनीवर बसवलं नव्हतं. ते बाईंकडे येऊन पहिल्यांदाच केलं. आईबापांनी त्याचं नाव विश्राम ठेवलं होतं. त्यांना तरी काय बोल लावायचा, मुलगा तेव्हा पाळण्यात होता.

त्याने आणलेलं यंत्र वेधशाळेच्या तळघरात, उघड्या खडकावर बसवलं होतं. जमीन नखभर, छे, नखाच्या धुळीइतकी कलली तरी ते सांगायचं. तळघरातून तार वर आली होती, आणि वरच्या खोलीतल्या पडद्यावर रेघ उमटत होती.

त्या रेघेला फुगवटे येऊ लागले होते.

आधी अधूनमधून. मग रोज. आता तर दिवसातून कितीतरी वेळा रेघ हळूहळू वर चढायची आणि तितक्याच हळूहळू उतरायची. विश्रामने हिशेब मांडला. जमीन पोटातून फुगतेय. फुगवटे वाढताहेत. असंच चाललं तर एक दिवस ती उलणार, आणि डोंगराच्या कुशीतली धामणवाडी तिच्याबरोबर जाणार.

हे त्याने बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, बघू.

'बघू' ऐकून थांबेल तो विश्राम कसला? तो परस्पर तालुक्याला गेला आणि कचेरीत सांगून आला. कचेरी हादरली. धामणवाडीला निरोप गेला, गाव खाली करा, माळावर पत्र्याच्या शेडी उभ्या राहताहेत. फक्त तिथल्या साहेबाने एक अट घातली. दोन दिवसांनी संध्याकाळी मी हिर्लेकरबाईंना फोन करीन. त्या हो म्हणाल्या तरच सकाळी गाड्या पाठवीन.

म्हणजे घोडं अडलं होतं ते बाईंच्या एका शब्दापाशी. आणि बाई वाल सोलत होत्या.

"बाई, माणसं मरतील," विश्राम म्हणाला.

तो नाटक करत नव्हता, हे बाईंना दिसलं. त्यांचा हात थांबला.

एवढ्यात पायवाटेने कोंडाक्का शेडगे वर आली. धामणवाडीची सरपंच. पदराने घाम पुसत ती ओसरीच्या कडेला टेकली.

"बाई, शिड्या लावल्यात घरांना," ती म्हणाली. "पयलं माझंच घर. सरपंचानं पयलं कौल उतरवायचं, मंग बाकीच्यांनी, आसं ठरलंय. हितली कौलं तिकडं न्यायची, म्हंजी शेडीवर घालता येतील."

"आणि इथल्या भिंती?" बाईंनी विचारलं.

"मातीच्याच की. पाऊस तोंडावर आलाय. कौलं उतरली की दोन सरीत बसत्याल खाली." कोंडाक्का जरा थांबली. "सून वली बाळंतीण हाय. तिला त्या वाऱ्यावर न्यायचं जिवावर येतंय. पर धरनीच फाटनार आसंल तर न्यायाच पायजे. तुमी सांगा. तुमी हो म्हनला की उतरवतो."



"सुनेला अंगणात आंब्याखाली खाट टाकून दे," बाई म्हणाल्या. "आज घरात कुणी बसू नका. पण संध्याकाळपर्यंत एकाही कौलाला हात लावू नका."

"आन् संध्याकाळी?"

"संध्याकाळी सांगेन."

कोंडाक्काने फोन काढला आणि खाली गावाला बजावलं, "कौलाला हात लावू नगासा. बाई सांगत्याल तवा." मग ती तिथेच मांडी घालून बसली आणि पाण्यातले मूठभर वाल स्वतःकडे घेतले. रिकाम्या हाताने बसणं तिला ठाऊक नव्हतं.

बाई विश्रामकडे वळल्या.

"तळघरात तू कधी जातोस?"

"रेघ हलली की जातो. यंत्र नीट आहे ना, ते बघायला नको?"

"हवं. आणि गेलास की?"

"उभा राहतो. सगळं तपासतो. बाई, पावलांचे धक्के मी हिशेबातून केव्हाच काढलेत. तेवढं मला कळतं."

"रात्री फुगवटे येतात?"

"नाही. उन्हाने खडक प्रसरण पावतो. म्हणून दिवसाच येतात."

"परवा तू तालुक्याला गेलास. त्या दिवशी?"

"त्या दिवशी जमीन शांत होती." विश्रामचा चेहरा गंभीर झाला. "वादळाच्या आधी असते तशी."



बाई उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत तळघराच्या दारापर्यंत गेल्या, दार ओढलं, कुलूप घातलं. परत आल्या आणि किल्ली विश्रामच्या तळहातावर ठेवली.

"आज खाली जाऊ नकोस."

"मग किल्ली मला कशाला देता?"

"तुझ्याकडेच असू दे."

विश्रामला हा शुद्ध अडाणीपणा वाटला. यंत्राला कुलूप घालून का कुठे जमीन कळते? पण वाद घालायला बाई समोर नव्हत्याच. त्या खोलीत जाऊन पडद्यासमोर बसल्या होत्या. तो आत गेला आणि त्यांच्यामागे उभा राहिला. वाल घेऊन कोंडाक्काही आली.

रेघेवर सकाळचा फुगवटा अजून होता. तो उतरत होता.

उतरता उतरता सपाट झाला... आणि तसाच राहिला.

दुपार चढली. रेघ पाटासारखी पडून होती. कोंडाक्काची वाटी भरली. विश्राम एकदा बसला, एकदा उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. हातातल्या किल्लीला घाम आला होता. इतके दिवस रेघ हलली की त्याच्या काळजात लक्क व्हायचं. आज ती हलत नव्हती, तर त्याचा जीव टांगणीला लागला.

"यंत्र बंद पडलंय," तो म्हणाला.

बाई रेघेकडे बघत होत्या.

"बाई, खात्रीने बंद पडलंय. नेमकं आजच. जमीन फुगत असेल आणि आपण इथे आंधळे बसलोय."

बाई रेघेकडेच बघत होत्या.

"मी बघून येतो."

वाटलं होतं, त्या अडवतील. त्यांनी अडवलं नाही. मानसुद्धा हलवली नाही.

विश्राम धावत गेला. कुलूप काढलं, पायऱ्या उतरला, कंदील लावला. यंत्र व्यवस्थित होतं. हिरवा दिवा लागलेला, तार घट्ट. तो वाकला, चारी बाजूंनी निरखलं, कान देऊन ऐकलं. आपण इथे आहोत म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्याला खाली आलं की नेहमी वाटायचं. आजही वाटलं. बराच वेळ उभं राहून, दाराला कुलूप घालून तो वर आला.

दारातच कोंडाक्का म्हणाली, "आली का वो धरनी वर?"

पडद्यावर रेघ चढत होती. हळूहळू, नेहमीसारखी. फुगवटा.

"बघा!" विश्राम म्हणाला. "बघा, मी सांगत होतो..."



पण बाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या पायांकडे बघत होत्या.

त्यानेही खाली बघितलं. चपलांना तळघराची ओली माती लागली होती.

"नाही," तो म्हणाला. "नाही बाई, पावलं मी काढली आहेत हिशेबातून..."

"पावलं काढलीस."

"मग?"

बाईंनी हात पुढे केला. त्याने किल्ली दिली.

"आता मी जाते," बाई म्हणाल्या.

भिंतीला धरून त्या पायऱ्या उतरल्या. वर पडद्यासमोर विश्राम आणि कोंडाक्का. कोंडाक्काच्या हातातला वाल तसाच राहिला. खालून आवाज नाही, हालचाल नाही. बाई नुसत्याच उभ्या होत्या, विश्राम उभा राहायचा तशा.

उतरायला लागलेली रेघ थबकली. आणि पुन्हा चढली.

बाई धापा टाकत वर आल्या. पडद्याजवळ वाकल्या आणि मोठ्या फुगवट्याच्या खांद्यावर आलेल्या लहान फुगवट्यावर बोट ठेवलं.

"हा माझा," त्या म्हणाल्या. "मी किरकोळ आहे ना."



माणूस उभा राहिला की त्याच्या वजनाने खालची जमीन कलते. डोळ्याला दिसणार नाही इतकीच, पण कलते. त्याच्या अंगाची ऊब, त्याच्या कंदिलाची ऊब त्या कोंदट खोलीत रेंगाळते, खडकाला लागते, यंत्राला लागते, आणि तो वर निघून आल्यावरही रेघ चढत राहते. रेघ चढली की विश्राम खाली जायचा. विश्राम खाली गेला की रेघ चढायची. काळजी वाढली तशा फेऱ्या वाढल्या, आणि फेऱ्या वाढल्या तशी धरणी फुगली. रात्री तो झोपायचा, म्हणून तीही झोपायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर याने कळशापायी आख्खं गावच हलवायला काढलं होतं.

तरी बाईंनी घाई केली नाही. पुन्हा कुलूप लावलं. तिघं पुन्हा बसली. दोन्ही फुगवटे उतरले आणि रेघ सपाट झाली. ऊन कलून भिंतीवरून खाली आलं तरी ती सपाटच होती. या वेळी विश्राम जागचा हलला नाही.

संध्याकाळी फोन वाजला.

"हिर्लेकर बोलतेय," बाई म्हणाल्या. "नाही. गाड्या नकोत... नाही, गाव हलवण्यासारखं काही दिसत नाही. आमच्याकडून चूक झाली होती."

आमच्याकडून. विश्रामने तो शब्द ऐकला आणि त्याला रडू आवरेना. आयुष्यात चूक निघाल्याचा एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता. धामणवाडी जाणार नव्हती. त्या आंब्याखालची बाळंतीण, ती कौलं, त्या मातीच्या भिंती, सगळं जागच्या जागी राहणार होतं. त्याची विद्वत्ता तेवढी कोसळली होती, आणि तिचं त्याला त्या घटकेला काहीच वाटलं नाही.

कोंडाक्का मात्र उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"म्हंजी सायेब, तुमी उभं ऱ्हायला म्हनून धरनी कलली?"

"हो अक्का."

"आन् त्यापायी आमी घरं उघडी टाकनार हुतो."

"हो. माझं चुकलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रागावली होती, आणि रागावण्याचा तिला हक्क होता. पण जिवात जीव आलेल्या माणसाला फार वेळ रागावता येत नाही.

"बाई, म्हंजी आता भूकंप न्हाईच येनार?" तिने विचारलं.

"ते मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "कुणालाच नसतं. डोंगरातलं गाव आहे, कधीतरी हलेल. म्हणून तर दर साली सांगते, भिंतींना लाकडाचे आडवे पट्टे मारून घ्या. पण आज कौलं उतरवण्यासारखं काही नाही."

"मारते पट्टे. या खेपेला मारतेच." कोंडाक्काने पदर खोचला. "बारसं हाय आता नातवाचं. बाई, तुमी या. सायेब, तुमी बी या." दोन पावलं गेली आणि मागे वळली. "फकस्त पाळण्यापाशी उभं ऱ्हाऊ नगा."

ती खाली उतरताना हसत होती, ते बराच वेळ ऐकू येत होतं. थोड्या वेळाने खालून शिड्या काढल्याचा खडखडाट आला.

ओसरीवर दोघंच उरली. बाईंनी तांब्या उचलला, पण पाणी भांड्यात पडण्याऐवजी पाटावर सांडलं. 

"बाई... तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?"

"नाही रे."

"मग एवढ्या शांत कशा होतात?"

"शांत कुठली? घाबरून गेले होते. खरंच फुगत असती जमीन, तर मीच गेले असते शिडी धरायला." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "फार बरं झालं, विश्राम. फार बरं झालं."

"पण मग कुलूप लावायचं सुचलं कसं?"

"मला ती थरथर दिसली होती ना, तेव्हा लोक यंत्राचा दोष काढत होते. मी माझा काढत बसले. आधी माझी खुर्ची त्या खोलीतून बाहेर काढली. मग चहाची शेगडी. मग माझी हौस."

"हौस?"

"आपलं काहीतरी निघावं, ही हौस. तिलाच वर्षं लागली."

विश्रामने मान खाली घातली. आत पडद्यावर रेघ अजून चालू होती. तिच्यामागे त्याचे इतक्या दिवसांचे सगळे फुगवटे साठवलेले होते.

"हे सगळं मी पुसून टाकतो," तो म्हणाला.

"का? यंत्र खोटं कुठे बोललं?"

"बाई, ही जमीन नाही. हा मी आहे."

"तूही जमिनीवरच उभा होतास ना? राहू दे."

खाली धामणवाडीत चुली पेटल्या. कौलांमधून धूर वर येऊ लागला. विश्राम तो धूर बघत राहिला. तसं साधं, शांत त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

तरी एक काटा राहिलाच होता.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"उद्या खरोखरच जमिनीने काही सांगितलं... तर ते तिचंच आहे, हे मला कळणार कसं?"

बाईंनी वालांची परात उचलली, सालं अंगणात झटकली आणि आत जाता जाता म्हणाल्या,

"कळेल. रेघ हलेल तेव्हा तू तिथे नसशील."